सागरातील प्लॅस्टिक आणि आंतरराष्ट्रीय कायदा

२५ मे २०२५ रोजी लायबेरियाचा ध्वज असलेले 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज विळिंजमहून कोचीकडे येत असताना केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्यावर ६४० कंटेनर होते. लवकरच तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर मसुराच्या दाण्याएवढे प्लॅस्टिकचे मणी वाहून येऊ लागले. प्लॅस्टिक उद्योगाचा हा कच्चा माल वाळूत मिसळला की चाळण्यावाचून वेगळा होत नाही.

जहाजांवरून होणाऱ्या प्रदूषणासंबंधीच्या 'मार्पोल' कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून अमलात आहे. जहाजावरील कोणताही प्लॅस्टिक कचरा समुद्रात टाकण्यास त्याने मनाई केली आहे. मात्र ही मनाई कचऱ्यापुरती आहे; अपघातात सांडलेला माल तिच्या कक्षेत येत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ मध्ये अशा मण्यांच्या वाहतुकीविषयी शिफारशी केल्या, परंतु त्या ऐच्छिक आहेत. (१९७२ च्या लंडन कराराशी मार्पोलची गल्लत करू नये. लंडन करार विल्हेवाटीसाठी मुद्दाम समुद्रात नेऊन टाकलेल्या कचऱ्याविषयी आहे.)

१९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराची शब्दरचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. कलम २११ नुसार ध्वजराष्ट्राचे जहाजांविषयीचे कायदे सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियमांइतके तरी परिणामकारक असले पाहिजेत. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाबाबत कलम २०७ मात्र असे नियम केवळ 'विचारात घ्यावेत' एवढेच सांगते. सागरातील बहुतांश प्लॅस्टिक जमिनीवरूनच येते. म्हणजे प्रश्न जेथे मोठा, तेथेच बंधन सैल.

ही उणीव भरून काढण्यासाठी संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेने मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे बंधनकारक कराराच्या वाटाघाटींचा ठराव संमत केला. डिसेंबर २०२४ मध्ये बुसान आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठका मात्र सहमतीविना संपल्या. उत्पादनावरच मर्यादा घालावी की कचरा व्यवस्थापनावर भर द्यावा, हा वादाचा गाभा होता. भारताने उत्पादनावरील जागतिक मर्यादेस विरोध केला व निर्णय सहमतीनेच व्हावेत, असा आग्रह धरला.

तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे. प्लॅस्टिकसाठी तसा नाही. त्यामुळे केरळ सरकारने देशांतर्गत कायद्याचा आधार घेऊन जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा दाखल केला.