सरकारी हप्ता आणि सातबाऱ्यावरील नाव

सरकारकडून शेतकऱ्यास मिळणाऱ्या पैशाची गोष्ट निघाली म्हणजे रक्कम किती, याचीच चर्चा होते. ती कोणाच्या नावाने येते, इकडे फारसे कोणी पाहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे लहान झाले आहेत. येथे पुष्कळ घरांची अडचण रकमेत नसून नावात आहे, म्हणून तिचाच विचार आम्ही येथे करीत आहोत.

पूर्वी ब्रिटिश मुलखात १८८३ व १८८४ च्या कायद्यांन्वये विहिरीस, ताली घालण्यास, बी-बियाणास व बैलांस तगाई मिळत असे. परंतु ते कर्ज होते. हल्लीचा हप्ता परत करावयाचा नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात दर कुटुंबास दरसाल ६,००० रुपये तीन हप्त्यांनी मिळतात. प्रारंभी असलेली दोन हेक्टरांची मर्यादा २०१९ सालीच काढण्यात आली. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू करून तितकीच भर घातली.

येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अज्ञान मुले. हा अर्थ वाचकांनी नीट ध्यानी घ्यावा. समजा, ऐंशी गुंठ्यांचा खातेदार बाप वारला व त्याचे तीन विवाहित मुलगे आहेत. सातबाऱ्यावर बापाचेच नाव राहिले, तर तिघांपैकी कोणासही हप्ता लागू होत नाही. वारसांची नावे लागली, तर जमीन सामाईक असूनही तिन्ही कुटुंबे निरनिराळी पात्र ठरतात. दोन्ही योजना मिळून दर घरास वर्षास १२,०००, म्हणजे तिघांस ३६,००० रुपये होतात. मात्र आयकर भरणारा अथवा दरमहा १०,००० रुपये वा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारा कोणी कुटुंबात असल्यास हा लाभ नाही.

जमीन धारण करण्याची तारीख योजनेने १ फेब्रुवारी २०१९ ठरविली आहे. परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीस तिचा अडथळा नाही. तेव्हा उशीर झाला म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. या तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती द्यावी. नोंद फेरफारात धरली म्हणजे संबंधितांस नोटिसा निघतात आणि हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. पुढे नवा उतारा स्वतः वाचून पाहावा; आधारवरील नावाशी अक्षर न्‌ अक्षर जुळते की नाही, हे तपासावे. बँकेचे खाते आधारशी जोडावे व ई-केवायसी पुरी करावी.

कित्येक उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा असतो. धाकट्यांनी तो निष्काळजीपणे चालू देऊ नये. बहिणींचा व आईचा वारसाहक्कही लपवू नये. लपविलेली नोंद पुढे तंट्याचे मूळ होते.

एक दुःख मात्र अर्जाने निवारत नाही. हप्ता जमीनधारकास आहे; वाट्याने कसणाऱ्यास नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या भीतीने मालक वाटा कागदावर आणीत नाही, आणि म्हणून राबणाऱ्याचे नाव कोठेच उमटत नाही. योजनेत ही उणीव मोठी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती दूर होईपर्यंत मालकाने बी-खताच्या खर्चात वाटेकऱ्यास हात द्यावा, हेच न्यायाचे होईल.

घरी दुःखाचा प्रसंग झाला असता दिवसकार्य आटोपताच वारसनोंदीचे काम हाती घ्यावे. बापाने जमीन राखली. तिच्यावरील नाव राखणे मुलांकडे आहे.