परतीच्या गाडीपासून दिवस मोजा

परभणीहून मुंबई साधारण साडेपाचशे किलोमीटर. रात्री गाडीत बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दिवसभर समुद्र, रात्री पुन्हा गाडी आणि दुसऱ्या सकाळी आपल्याच ओट्यावर चहा. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की आमच्याकडं कुणीही उठतं आणि निघतं. वर 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण पाठीशी आहेच. जमलं तर ठीक, नाही जमलं तर आपलं गाव कुठं पळून जातंय! फक्त गावाला परत यायलाही गाडीत जागा लागते, हे त्या म्हणीत कुणी घातलेलं नाही.

मी परभणीत बायकांचे कपडे शिवते. लग्नसराई संपली की जूनच्या मध्याला मशीनचा आवाज कमी होतो. त्या वर्षी मृग कोरडाच चालला होता, गिऱ्हाईक नव्हतं आणि समुद्र मी फक्त टीव्हीवर पाहिलेला. दुपारी मनात आलं आणि संध्याकाळी स्टेशनवर जाऊन जनरलचं तिकीट काढलं. लेक म्हणाली, "आई, एकटीच?" मी म्हटलं, "मग काय वरात नेऊ?" परवा सकाळी येते असं सांगून निघाले होते, घरी पोहोचले ती परवा संध्याकाळी, अंग मोडून. समुद्र पाहिल्याचं समाधान आजही आहे. पण माझ्यासारख्या बाकीच्यांनी तो थोड्या सुखानं पाहावा, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या सासऱ्यांच्या काळी मुंबईला असं उठून जाताच येत नसे. निजामाच्या रेल्वेनं विसाव्या शतकाच्या तोंडाशी टाकलेली सिकंदराबाद-मनमाड लाइन मीटरगेजची. मनमाडला उतरायचं, बोचकी उचलायची आणि ब्रॉडगेजची दुसरी गाडी धरायची. त्यामुळं माणूस आधी चौकशी करी, पत्र टाकी, मुक्कामाचं बघे. नव्वदच्या दशकात लाइन रुंद झाली, थेट गाड्या आल्या आणि मुंबई शेजारच्या गल्लीत असल्यासारखी वाटायला लागली. अंतर मात्र तेवढंच राहिलं.

वंदे भारत आल्यापासून तर अनेकांना वाटतं की पहाटे निघून रात्री घरी येता येईल. ऑगस्ट २०२५ पासून ही गाडी नांदेडहून पहाटे पाचला सुटते, पुढं परभणी घेते आणि दुपारी अडीचच्या आत मुंबईला पोहोचते. पण मुंबईहून नांदेडकडं येणारी वंदे भारत दुपारी एकच्या सुमारासच सुटलेली असते. म्हणजे आपण उतरायच्या आत परतीची गाडी निघून गेलेली. एका दिवसाच्या सहलीला रात्रीच्या गाडीशिवाय इलाज नाही, आणि रात्रीच्या गाडीला बर्थशिवाय अर्थ नाही.

जनरलच्या डब्याचंही एक गणित आहे. परभणी हे गाडीचं पहिलं स्टेशन नाही. हैदराबादेकडून येणारी गाडी आपल्याकडं येते तेव्हा डबा भरलेला असतो. मी मानवत रोड, सेलू, परतूर दारापाशीच उभ्यानं पाहिलं. जालन्याला एक कुटुंब उतरलं आणि एका मावशींनी पोरगं मांडीवर घेऊन मला टेकायला जागा दिली. छत्रपती संभाजीनगरला जेवढे उतरले त्याच्या दुप्पट चढले. पहाटे कसाऱ्याचा घाट उतरताना गार वारा आला तेव्हा सगळा डबा झोपलेला होता आणि माझे पाय सुजलेले. जाताना हे चालून जातं, कारण पुढं समुद्र असतो. तेच परतताना सोसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: परतीचं आरक्षण हातात आल्याशिवाय जाण्याचं तिकीट काढू नका. अचानक निघणाऱ्याला तत्काळ कोटा उपयोगी पडतो, पण त्याची वेळ नीट समजून घ्या. तत्काळ गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. आज रात्री निघून उद्या रात्री परतायचं असेल, तर उद्याच्या परतीचं तत्काळ आज सकाळीच, म्हणजे तुम्ही परभणीत असतानाच संपतं. मुंबईत उतरून 'आता बघू' म्हणणाऱ्यासाठी तिथं काही उरत नाही. मी खिडकीवर विचारलं तेव्हा वेटिंगचा आकडा ऐकूनच बाजूला झाले. ऑनलाइन तत्काळ काढायचं तर जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीच्या खात्याला आधारची पडताळणी लागते. ती घरी बसून आधीच करून ठेवा. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा निघायचं पक्कं असेल तरच काढा.

वेटिंगच्या भरवशावर राहू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं वेटिंग तिकीट हातात असलं तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही. 'टीसीला सांगू, काहीतरी करतील' हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, पण दंड भरताना त्यातलं कुणी शेजारी नसतं. आरएसी मिळालं तर घ्या. निदान बसायची जागा हक्काची होते. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगला निघतात. नशीब असेल तर तिथं एखादी हाती लागते.

आता समुद्राकडं. आपण बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत वाढलेली माणसं, मुंबईचे तेहतीस अंश ऐकून हसतो. पण आपल्याकडं घाम आला की वाळतो, तिथं तो वाळतच नाही. टर्मिनसहून गेटवेपर्यंत मी रमतगमत चालत गेले, दोन-अडीच किलोमीटर असेल, आणि तिथं पोहोचेपर्यंत पदर पिळून काढावा अशी गत झाली. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा, मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम, आणि सुती कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा. जूनमध्ये छत्रीही हवी. परभणीचं आभाळ कोरडं आहे म्हणून मुंबईचंही असेल असं नाही.

पाण्याबद्दलचा आपला समजही बदलावा लागतो. आम्ही गंगाखेडला गोदावरीत डुबकी मारलेली माणसं. नदीचं पाणी एका दिशेनं जातं आणि पूर आला तरी आधी गावभर बातमी होते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते, आणि त्यांची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. काल सकाळी कोरडा असलेला खडक आज त्याच वेळी पाण्याखाली असू शकतो. हाजी अलीच्या दर्ग्याकडं जाणारा रस्ता भरतीला पाण्यात जातो, हे त्याचं डोळ्यांना दिसणारं उदाहरण. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या मोठ्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. निघण्याआधी ती तारीख बघून घ्या.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मी बसले होते. खाली काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे टाकलेले, वर हिरवं शेवाळ. कॉलेजची दोन पोरं फोटोसाठी खाली उतरली. एक लाट आली ती त्यांच्या गुडघ्यापर्यंत, आणि परत जाताना एकाची चप्पल घेऊन गेली. पोलिसानं शिट्टी मारून त्यांना वर काढलं, तोंडभर ऐकवलं. येणारी लाट सगळ्यांना दिसते. पाय ओढते ती परत जाणारी. एकट्या माणसानं तर पाण्याशी मुळीच खेळू नये, कारण हाक मारायला सोबत कुणी नसतं. कठड्यावरून समुद्र तेवढाच मोठा दिसतो.

इथपर्यंत दिवस चांगला चालला होता. दुपारनंतर वाटलं, मुंबईला आलोच आहोत तर सिद्धिविनायक का सोडायचा? लोकल धरून दादर गाठलं. दूरच्या गाडीचं तिकीट मुंबईत उतरलं की संपतं, लोकलचं वेगळं काढावं लागतं. बायकांच्या डब्यात शिरल्याबरोबर एकीनं विचारलं, "कुठं उतरणार?" मला वाटलं चौकशी करतेय, ती माझ्या जागेचा नंबर लावत होती. दादर म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आत्ताच दाराकडं सरका. आलं की उतरायला मिळणार नाही." तिचं ऐकलं म्हणून उतरले.

प्रभादेवीला पोहोचल्यावर लक्षात आलं की मंगळवार आहे. रांग गल्ली ओलांडून गेलेली. दर्शन होऊन बाहेर आले तेव्हा पाऊस कोसळत होता, टॅक्सी थांबायला तयार नव्हती आणि दादर स्टेशनवर लोकल उशिरानं धावत असल्याची घोषणा सुरू होती. टर्मिनसला वेळेत पोहोचणं होईना, म्हणून रात्रीची गाडी दादरलाच धरायचं ठरवलं. गाडी आली. जनरलचा डबा समोरच आला, पण टर्मिनसलाच भरलेला. दारात माणसं एकमेकांना धरून लोंबकळत होती. दोन मिनिटांत गाडी हलली आणि मी फलाटावर.

रात्र परत टर्मिनसला येऊन तिथल्या बायकांच्या प्रतीक्षागृहात काढली. तिथं तिकीट दाखवावं लागतं. शेजारी जिंतूरकडच्या एक बाई होत्या, घरच्या माणसाला परळच्या टाटा हॉस्पिटलला घेऊन आलेल्या. त्यांनी पिशवीतून धपाटे काढून दिले. एकटीनं प्रवास करताना सगळ्यात मोठी अडचण संडासाला जाताना बॅग कुणाकडं द्यायची ही असते, आणि त्या रात्री आम्ही दोघी एकमेकींच्या बॅगा राखत होतो. दर वेळी अशी सोबत मिळेलच असं नाही. म्हणून एकच लहान, पाठीवरची बॅग न्या, जी तुमच्याबरोबर आत येऊ शकेल. पैसे दोन ठिकाणी ठेवा. फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते आणि जनरलच्या डब्यात चार्जिंगचा भरवसा नसतो. पॉवर बँक ठेवा आणि घरचे नंबर कागदावर लिहा. माझ्या लेकीचा नंबर फोनमध्ये होता आणि फोन बंद. जिंतूरच्या बाईंच्या फोनवरून शेजाऱ्यांच्या दुकानात निरोप ठेवला, तेव्हा घरी जीवात जीव आला.

रेल्वेत काहीही अडलं तर १३९ हा क्रमांक लावा. चौकशी, तक्रार आणि सुरक्षा तिन्हींसाठी तोच आहे. रस्त्यावर ११२. पुढच्या सकाळी सहाच्या सुमारास सुटणारी तपोवन एक्सप्रेस धरली, नवं तिकीट काढून, आणि संध्याकाळी परभणी. दिवसाच्या गाडीत निदान खिडकी मिळाली.

त्यानंतर मी गावातल्या बऱ्याच जणींना मुंबईला धाडलं आहे. प्रत्येकीला दिवस उलटा मांडायला लावते. परतीची गाडी रात्री साडेनऊच्या आसपास असेल तर आरक्षण असलेल्यानं साडेआठला स्टेशनात असावं. जनरलनं जायचंच असेल तर सातपासून फलाटावर रांगेत, आणि चढायचं ते टर्मिनसलाच. मधल्या स्टेशनवर चढता येईल ही आशा सोडा. मग शेवटचं ठिकाण किती वाजता सोडायचं ते आपोआप ठरतं. ठिकाणंही टर्मिनसपासून पायी परतता येईल अशीच निवडा: गेटवे, शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह, खरेदीला क्रॉफर्ड मार्केट आणि मंगलदास मार्केट. एवढ्यानं दिवस भरतो. लोकल बंद पडली, पाणी तुंबलं, तरी चालत स्टेशन गाठता येतं. दादर आणि त्यापलीकडचं सगळं मुक्कामाच्या वेळेसाठी राखून ठेवा. घारापुरीची लेणीही त्यातच धरा. एकेका बाजूला बोटीचा तासभर जातो, सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटींचाही भरवसा नसतो.

गाड्यांच्या वेळा बदलत राहतात, तेव्हा मी दिलेल्या वेळांवर विसंबू नका. निघायच्या दिवशी पुन्हा तपासा. सवड असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नसेल, तर सकाळी तत्काळच्या वेळेला बसा. परतीची बर्थ मिळाली तर त्याच रात्री खुशाल निघा. नाही मिळाली तर त्या दिवशी परभणीतच थांबा.