डबा कुणाबरोबर खातोस?



वरच्या वाडीतला तुझा सोबती हिंजवडीहून आला, तो थेट काकाकडेच. दोन वर्षं झाली तरी तू डबा एकटाच खातोस, रूमवरचा मुलगा खोली सोडून गेल्यापासून दुसरा ठेवला नाहीस आणि कंपनीच्या तपासणीत तिशीच्या आतच बीपी वर निघालं, असं तो सांगत होता. आईला यातलं काही माहीत नाही. दादा कसे गेले हे मात्र या घरात सगळ्यांना माहीत आहे.

डॉक्टर मीठ कमी करायला सांगतील, ते कर. पण एकट्याने खायच्या डब्याचं काय? स्वीडनमधल्या जवळजवळ १४ हजार कामगारांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. कामाचा रेटा मोठा, आपल्या हातात काही नाही आणि सोबत्यांचा आधारही नाही, अशा कामगारांत हृदयविकार जास्त आढळला. आजारी माणूस आपोआप एकटा पडतो, असं तू म्हणशील. वाद घालण्यात तू दादांवर गेलास. मग हे ऐक. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले. घरचे, शेजारचे, कामावरचे, मंडळातले असे ज्यांचे नाना तऱ्हेचे लागेबांधे होते, त्यांना सर्दी कमी झाली. फोनमधल्या हजार नावांना इथे कुणी विचारत नाही!

काकाने हे लालबागच्या खोलीत पाहिलं. एका खोलीत वीसेक गिरणी कामगार, पाळीपाळीने झोपायचे. कापसाच्या धुळीने छात्या खराब व्हायच्या. मैत्रीने ती धूळ काही कमी होत नव्हती, उगाच गोडवे कशाला गायचे? पण कुणी खोकायला लागला की दुसरा त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यायचा, तिसरा खानावळवाल्या बाईला पेज टाकायला सांगायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले आणि पुढे अशा कितीतरी खोल्या रिकाम्या झाल्या. काकाला तोवर डोंबिवलीला जागा मिळाली होती. लालबागचा तो जिना काका पुन्हा चढला नाही. दुपारपाळीचा सोबती गेल्याचं कळलं ते वर्षभराने. आता कोणाला काय सांगणार?

रागाने लिहिलं असं समजू नकोस. लहानपणी शाळेतून आलास की ताटावर बसण्याआधी शेजारच्या पोराला हाक मारायचास. काकू अजून सांगते. उद्या डबा उघडशील तेव्हा बाजूच्या टेबलावरच्याला सोबत बसतोस का विचार, एवढंच कर.

गणपतीला दीड दिवस तरी ये. ऑफिसातला कुणी सणाला घरी जाणार नसेल, तर त्यालाही आण. मोदक जास्तीचे होतीलच. येताना तपासणीचा कागद घेऊन ये. आईला तूच सांग, काका शेजारी बसेल.

तुझा,
काका