गोजी बेरी : लावण्याआधी, पिण्याआधी

रायपुरात गोजी बेरी दोन वाटांनी घरात शिरते. एक रोपाची, दुसरी रसाच्या बाटलीची. आमच्या ओळखीत दोन्ही येऊन गेल्या, म्हणून हे सांगणं.

आधी रोपाचं. शेजारच्या वहिनींनी ऑनलाइन मागवलेलं 'गोजी' मला कौतुकानं दाखवलं. पानं समोरासमोर, जाड, तुकतुकीत. काटे टोकाला दुभंगलेले. पान खुडलं तर देठातून पांढरा चीक आला. माझं माहेर रत्नागिरीचं. करवंदाची जाळी ओळखायला मला चिठ्ठी लागत नाही.

खरी गोजी वांग्या-मिरचीच्या कुळातली. तिला चीक नसतो. पानं अरुंद, राखाडी हिरवी, फांद्या लांब आणि कमानीसारख्या वाकलेल्या, फुलं जांभळी. लांबट केशरी-लाल फळ चिरलं की आत मिरचीसारख्या चपट्या बिया. रोप घेताना पान मोडून पाहा. चीक दिसला तर पैसे परत मागा.

जातीही विचारून घ्या. बाजारातली वाळकी फळं बहुतेक लायसियम बार्बरमची, चीनच्या निंगशियासारख्या भागांतून येणारी. लायसियम चायनेन्सचा पाला दक्षिण चीनमध्ये भाजी म्हणून खातात. काळी गोजी, लायसियम रुथेनिकम, आपल्या लडाखमध्ये रानात वाढते.

पण रोप अस्सल निघालं तरी रायपूर त्याला मानवेल का? निंगशियात गोजी पिकते तिथं वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस, कोरडी हवा, हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली. आपल्याकडे हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत ऊन. गोजीला निचऱ्याची, किंचित अल्कधर्मी जमीन लागते. आपल्या काळ्या चिकण कन्हार मातीत पावसाचं पाणी साचतं आणि मुळं कुजतात. हौसच असेल तर मोठ्या कुंडीत निम्मी वाळू-खडी घाला, एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्या, पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या, पानांवर भुरी दिसली तर ती पानं काढून टाका. फळ नव्या फांदीवर धरतं, म्हणून थंडीत छाटणी करा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. एकरभर लावून मालामाल करण्याचं आमिष कुणी दाखवलं, तर पैसे देण्याआधी इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात जाऊन विचारा.

आता बाटलीचं. माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज, आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची, तपासणी ठरलेली. ओळखीतल्या एका बाईंनी गोजीचा रस आणून दिला: डोळ्यांना, साखरेला, गुडघ्यांना, सगळ्यालाच लागू. पुढे अण्णांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर निळसर डाग उठले. आयएनआर अडीच ते साडेतीनमध्ये हवा, तो पाचच्या वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या त्याच आहेत, मग नवीन काय सुरू केलंत?" अण्णा म्हणाले, "औषध काही नाही हो. ते लाल सरबत तेवढं."

दोष रसाचाच, असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण रस बंद केला, गोळीचा डोस सांभाळला आणि आकडा जागेवर आला. गोजी आणि वॉरफरिन एकत्र आल्यावर आयएनआर वाढल्याची नोंद २००१ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. त्यानंतरही अशा नोंदी झाल्या. म्हणून रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोजीचा रस, काढा, पूड काहीच नको. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आधी विचारावं.

मग गोजीत काहीच नाही का? आहे. झियाझँथिन हे डोळ्यांच्या पडद्याला लागणारं रंगद्रव्य तिच्यात भरपूर असतं. कॅलिफोर्नियात २७ जणांवर झालेला एक छोटा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आठवड्यातून पाच वेळा २८ ग्रॅम गोजी ९० दिवस खाल्ली, त्यांच्या डोळ्यांतलं हे रंगद्रव्य वाढलं. पण रंगद्रव्य वाढणं म्हणजे आजार बरा होणं नव्हे. 'संत्र्याच्या ५०० पट क जीवनसत्त्व' ही तर निव्वळ थाप. १०० ग्रॅम वाळक्या गोजीत ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास, ताज्या आवळ्यात अडीचशेच्या आसपास. शिवाय वाळक्या गोजीत साखर जवळजवळ ४५ टक्के, हे मधुमेह्यांनी ध्यानात ठेवावं.

पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, मूळ देश आणि घटक वाचा. मधुमेह किंवा मोतीबिंदू बरा करण्याची जाहिरात १९५४च्या कायद्यानं मना आहे. तसा दावा दिसला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

गोजी आवडत असेल तर बेदाण्यासारखी मूठभर खा, खाऊ म्हणून. औषध म्हणून मात्र नको. आणि घरात कुणाची रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कोणत्याही नव्या रसाची बाटली फोडण्याआधी डॉक्टरांना फोन करा.