अपग्रेडनंतर दुकानातील संगणक मंदावला तर

भिवापूरच्या सातऱ्यांवर हंगामात मिरचीच्या गाड्या उतरू लागल्या की दुकानातील संगणकाला उसंत नसते. शेतकऱ्याची पट्टी, देठ खुडणाऱ्या बायांची मजुरी, नागपूरला निघालेल्या मालाचे ई-वे बिल, सर्व काही त्याच्यावरच. अशा वेळी एकेक बिल निघायला पाच-पाच मिनिटे लागू लागली तर काय होते, हे व्यापारी बांधवांना आम्ही सांगायला नको.

विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. त्यामुळे पुष्कळांनी जुन्याच यंत्रावर विंडोज ११ चढविले आणि मग संगणक रखडतो अशी तक्रार सुरू झाली. त्यावर कॉम्प्युटरवाल्याचा सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, नाही तर नवा घ्या. दोन्हींची घाई करू नये, असे आमचे मत आहे.

सर्वप्रथम खात्यांची नक्कल काढावी. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. ही नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आम्ही स्वतः येथे ठेच खाल्ली आहे. पेनड्राइव्हवर फक्त शॉर्टकट आला, खाती जुन्या डिस्कवरच राहिली आणि ती डिस्क पुसली गेली. उधारीची यादी गिऱ्हाइकांच्या इमानावर पुन्हा लिहून काढावी लागली. काहींचे इमान थोडे कमी भरले.

नक्कल झाली की एक-दोन दिवस थांबावे. अपग्रेडनंतर विंडोज सर्व फाइलींची नवी सूची बनवते, उरलेले अपडेट उतरवून घेते, अँटिव्हायरस सगळी डिस्क तपासतो. रात्रभर यंत्र चालू ठेवले तर हे काम उरकते आणि पुष्कळदा तक्रारही मिटते.

तरीही फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. काम सुरू असताना कोणता रकाना शंभर टक्क्यांजवळ अडकून राहतो तेवढे पाहावे, दोष तेथेच आहे.

जुन्या यंत्रात बहुधा डिस्क अडकलेली आढळते. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारा काटा जागोजागी धावतो. विखुरलेल्या लहान फाइली तो सेकंदाला शंभर-दीडशेच्या आसपास वाचू शकतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तेच काम हजारोंच्या वेगाने होते. नव्या विंडोजला अशा बारीक फाइली सतत लागतात. तेव्हा नव्या संगणकाचा खर्च करण्यापूर्वी एसएसडी बसवून पाहावी. जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरविता येते, फॉरमॅटची गरज नाही.

मेमरी भरत असेल तर रॅम पाहावी. कंपनी ४ जीबी पुरेशी म्हणते, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकत्र चालविणाऱ्याने ८ जीबीच धरावी. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप अ‍ॅप्स' नावाची यादी असते, तीतील नको ते बंद करावे. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत.

हे सर्व करूनही काम अडत असेल तर सेटिंग्जमधील 'रिकव्हरी'तून पहिल्या १० दिवसांत जुन्या आवृत्तीवर परतता येते. पण तोवर डिस्क साफ करताना जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नये. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्रावर कोणी युक्तीने ते चढवून दिले असेल तर पुढील अपडेटची हमी कंपनी देत नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

राहता राहिली आपल्या गावची खास गोष्ट, मिरचीची धूळ. ती पंख्यात आणि जाळीत बसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तर विचारूच नये. अपग्रेडच्या वेळी प्रोसेसर तासन्‌तास राबतो, म्हणून हा जुना दोष तेव्हा उघडा पडतो. संगणक बंद करून, वायर काढून, दुकानाबाहेर नेऊन ब्लोअर मारावा. पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवावीत, भरधाव फिरली तर बेअरिंग जाते.