फिरंग रोग आणि मज्जासंस्था

चरक-सुश्रुतांत न आढळणारा फिरंग रोग भावमिश्रांनी सोळाव्या शतकात सविस्तर मांडला. नासाभंग, अस्थिशोष, अस्थिवक्रता हे उपद्रव त्यांनी नोंदविले. उन्मादाचा मात्र त्यांत उल्लेख नाही. व्रण भरल्यावर दहा-वीस वर्षांनी उद्भवणाऱ्या बुद्धिभ्रंशाचा त्या व्रणाशी संबंध सहजी जुळत नाही. तो निर्विवाद जुळला १९१३ साली, नोगुची व मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत फिरंगाचे जंतू आढळले तेव्हा.

चंद्रपूर-गडचिरोलीतील वैद्यबंधूंपुढे हा रोग निराळ्या नावांनी येतो. पायांत विजेसारखी कळ येते. रुग्ण म्हणतो, तेंदूच्या हंगामात ओझे वाहिल्याने झाले. आपण गृध्रसी किंवा संधिवात म्हणून योगराज गुग्गुळ देतो. अशा वेळी रुग्णास पाय जुळवून, डोळे मिटून उभे करावे. तोल जातो काय ते पाहावे. मग टॉर्चचा प्रकाश डोळ्यांवर टाकावा. बाहुली प्रकाशाने आकुंचित होत नाही, पण जवळची वस्तू पाहताना होते, हे चिन्ह दिसल्यास फिरंगाची शंका घ्यावी. तरुण वयातील पक्षाघात, अकस्मात आलेले बाधिर्य, दृष्टिमांद्य, स्वभावातील विचित्र पालट यांतही तीच दक्षता हवी. हे विकार नेहमीच उशिरा येतात असेही नाही. मेंदूच्या आवरणांना व रक्तवाहिन्यांना बाधा पहिल्या काही वर्षांतही होते.

रक्ताच्या व्हीडीआरएल व टीपीएचए तपासण्या कराव्यात. जुन्या विकारात व्हीडीआरएल कधी निरंक येते. येथे आणखी एक पेच आहे. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात पूर्वी याज हा त्वचारोग होता. भारतातील त्याचे अखेरचे रुग्ण २००३ साली नोंदले गेले व २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने देश याजमुक्त घोषित केला. त्याचे जंतू फिरंगाच्या जंतूंचे सख्खे भाऊच. त्यामुळे बालपणी याज झालेल्या वृद्धाचे रक्तही सकारात्मक येऊ शकते. म्हणून केवळ कागद पाहून कोणाच्या शीलावर ठपका ठेवू नये.

मेंदूतील फिरंगावर रसकर्पूर देऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पारदानेही कंप व बुद्धिविकार होतात. मग रोग कोणता अन् औषधाचा दोष कोणता, हे कळेनासे होते. औषधी दुकानदारांनीही तो मागेल त्यास देऊ नये. बेंझाथिन पेनिसिलिनचे स्नायूतील इंजेक्शन येथे अपुरे पडते, कारण मेरुद्रवात ते पुरेशा मात्रेत पोहोचत नाही. शिरेतून पेनिसिलिन दहा ते चौदा दिवस द्यावे लागते. त्यासाठी व मेरुद्रवाच्या तपासणीसाठी रुग्णास मोठ्या रुग्णालयात धाडावे. पती किंवा पत्नीचीही तपासणी करवावी. आलेला बधिरपणा वा अंधत्व पुष्कळदा परत फिरत नाही. पण पुढची हानी थांबते. बल्य व रसायन चिकित्सा त्यानंतर जरूर करावी.