काजव्यांच्या गावी

कल्याणहून कर्जतकडे निघाले, की पहिलेच स्थानक विठ्ठलवाडीचे लागते. नावात वाडी आहे. परंतु वाडीची शांतता आता तेथे उरलेली नाही. रात्रभर दिव्यांचा लखलखाट असतो. तेथील मुलांना आकाशातील तारेसुद्धा मोजकेच दिसतात. मग काजवे कोठून दिसणार? ते पाहावयाचे तर सह्याद्रीचा घाट चढून जावे लागते.

कल्याणला नाशिककडे जाणारी गाडी पकडली, की कसारा घाट ओलांडून इगतपुरी येते. तेथून घोटी, भंडारदरा, राजूर असा मोटारीचा प्रवास केला, म्हणजे पुरुषवाडी गाठता येते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हे डोंगराळ खेडे होय. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. गावकरी पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतात, चुलीवरची भाकरी वाढतात आणि रानवाटांनी फिरवून आणतात. हिरडा कोणता, बेहडा कोणता, हे त्यांच्याकडून शिकावे. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला पाहुण्यांच्या पैशाची जोड मिळते.

मे महिना संपत आला आणि पावसाची चाहूल लागली, की रात्री येथील झाडे लुकलुकू लागतात. काजव्याच्या पोटात एक द्रव्य असते. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला, की प्रकाश उत्पन्न होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसते. म्हणून काजवा हातावर बसला तरी चटका लागत नाही. हा प्रकाश म्हणजे काजव्यांची भाषाच होय. पुष्कळ जातींत नर उडता उडता खूण करतो आणि पानावर किंवा गवतात बसलेली मादी तिला उत्तर देते. अशी जोडी जमली, तरच पुढे अंडी घातली जातात. अळीचा काळ ओलसर मातीत, गोगलगाई खाऊन जातो. पंख फुटल्यावर मात काजव्याला थोडेच आठवडे लाभतात.

एवढ्या थोड्या दिवसांत कोणी मोटारीचे दिवे लावले, विजेरीचा झोत झाडावर टाकला, तर काय होईल? त्या उजेडात नराची खूण मादीला दिसणार नाही. गवत तुडविले, तर मादी व अंडी पायाखाली चिरडतील. काजवे पाहावयास आलेली माणसेच मग त्यांचा वंश खुंटविण्यास कारण होतील. काजवे गेले, तर त्यांच्यासाठी येणारे पाहुणेही येणार नाहीत आणि गावाची ती मिळकतही जाईल.

म्हणून तेथे वाटाड्याच्या मागून पायवाटेनेच चालावे, हलक्या आवाजात बोलावे आणि झाडाजवळ पोहोचताच विजेरी विझवावी. प्रथम काही क्षण काहीच दिसत नाही. मग डोळे अंधाराला सरावतात आणि एकेक फांदी उजळू लागते. पाहुण्याने यजमानाच्या घरी त्याच्या रीतीने वागावे, असे आपण म्हणतो. काजव्यांच्या घरची रीत एकच : आपला दिवा मालवावा, म्हणजे त्यांचा दिसतो.

स्वाध्याय
१. काजव्याच्या प्रकाशाने चटका का लागत नाही?
२. विजेरीच्या झोताने काजव्यांची हानी कशी होते?
३. 'चाहूल लागणे', 'वंश खुंटणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.